बुटावरचा चिखल

ड्यूटीवरून घरी आला की दामू ओव्हाळ आधी ओट्यावर बसायचा आणि पायातल्या बुटांकडं बघत राहायचा. लगेच काढायचा नाही. बूट काढायचे म्हणजे वाकायचं, वाकायचं म्हणजे डावा गुडघा दुमडायचा, आणि त्याला मनाची तयारी लागायची. तेवढ्यात आतून त्याच्या बायकोचा, गंगूबाईचा आवाज यायचा.

"आता काय आरती करू का बुटांची? आन् चिखल खाली झाडा. सकाळीच सारवलंय."

"झाडतो गं. जरा दम तर खाऊ दे."

"दमच खातायसा. भाकरी कवा खाणार?"

बूट सिक्युरिटी एजन्सीचे होते. दामूच्या पायाला एक माप मोठे. पुढच्या टोकाला गंगूबाईच्या जुन्या लुगड्याची चिंधी कोंबली, तेव्हा कुठं ते पायात बसले. काळा रंग कधीच गेला होता. पावसाळ्यात तर ते मूळचे लालच असावेत असं वाटायचं.

पौड सोडून धरणाच्या पाण्याकडं वर चढत गेलं की डाव्या हाताला एक डोंगर कापलेला दिसतो. तिथं 'मेघमाळ' नावाचं एक गाव होणार होतं. पलीकडं लवासा उभं राहिलेलं बघून एका बिल्डरच्या मनानं घेतलं, की आपणही तळं दाखवून फ्लॅट विकावेत. चार इमारती उभ्या राहिल्या, त्यांना खिडक्या बसायच्या राहिल्या. कारंजं झालं, पाणी आलं नाही. मग काम थांबलं ते थांबलंच. तरी आत लोखंड होतं, तांब्याच्या वायरी होत्या, वरच्या टोकाला पंपघर होतं. म्हणून राखण. आधी भातशेती आणि मजुरी, मग पिरंगुटच्या कारखान्यात हेल्पर, आणि कारखान्यानं वय झालं म्हटल्यावर इथं, असा दामूचा प्रवास. कुणी विचारलं की काय राखता हो, तर तो म्हणायचा, "न झालेलं गाव राखतोय. झालेल्या गावाला राखण लागत न्हाई, तितं कुत्री असत्यात."

राखणीचा मुख्य भाग म्हणजे पेट्रोलिंग. गेटावरच्या केबिनीतून निघायचं, चढाच्या रस्त्यानं चारी इमारती फिरायच्या, मग कातळातल्या पायऱ्यांनी पंपघरापर्यंत जायचं, कुलूप ओढून बघायचं आणि माघारी यायचं. सकाळी एकदा, दुपारी एकदा.

सुपरवायझर होते हैबतराव. साताऱ्याकडचे, खटावचे. पलटणीत हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मिशा पांढऱ्या, पण कडक. त्यांचा वहीतल्या सहीवर विश्वास नव्हता. "सही कुणीबी करंल. बूट खोटं बोलत न्हाईत," असं ते म्हणायचे. म्हणून मेघमाळात एक रिवाजच पडला होता. पेट्रोलिंगवरून आलेल्या माणसानं बूट धुवायचे नाहीत, तसंच केबिनीसमोर उभं राहायचं. हैबतराव चष्मा लावून खुर्चीतून वाकायचे, म्हणायचे, "बूट." आधी उजवा उचलायचा, मग डावा. उन्हाळ्यात लाल फुफाटा, पावसाळ्यात लाल चिखल. दिसला की मान हलायची आणि चहा मिळायचा.

डावा बूट उचलताना दामूचा जीव कंठाशी यायचा. उजवा पाय रोवून डावा गुडघा वाकवायचा, आणि तोंडावर काही येऊ द्यायचं नाही. पौडच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, चढ-उतार बंद. हे घरात गंगूबाईला ठाऊक होतं, बाहेर कुणाला कळू द्यायचं नव्हतं. कारण गेल्या पावसाळ्यात बंडोपंत नावाचे एक म्हातारे गार्ड पायरीवरून घसरले होते. प्रामाणिक माणूस. त्यांनी डॉक्टरची चिठ्ठी एजन्सीला दाखवली. एजन्सीचे अमोघसाहेब गाडीतून आले, बंडोपंतांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गोड आवाजात म्हणाले, "काका, तुम्ही आता आराम करा." बंडोपंत अजून आरामच करतायत.

दामूला आराम परवडणारा नव्हता. त्याची मुलगी धम्मदीपा पौडच्या कॉलेजातून बी.कॉम. झाली, पिरंगुटला एका ऑफिसात फोन उचलायचं काम केलं, आणि मग ते सोडून फ्रेंच भाषा शिकायला लागली. वस्तीतल्या बायांना वाटलं पोरगी परदेशात पळणार. पण तिचा हिशेब साधा होता. हिंजवडीच्या एका कंपनीला फ्रेंच येणारी माणसं हवी होती, तिकडच्या गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी ऐकायला. घरात भांड्यांचा आवाज आणि गंगूबाईचं बोलणं नको म्हणून ती विहारात जाऊन अभ्यास करायची. सकाळची वंदना झाली की विहार दिवसभर मोकळा असायचा. दोन परीक्षा ती पार झाली होती. शेवटची तोंडी उरली होती, शुक्रवारी. पोरगी नोकरीला लागेपर्यंत घर दामूच्या पगारावर. तोवर बूट पायातून निघू द्यायचे नाहीत, एवढंच दामूनं ठरवलं होतं.

तोंडी परीक्षेत एक फ्रेंच शब्द घ्यायचा आणि तो कुठून कुठं गेला ते फ्रेंचमध्येच सांगायचं, असं होतं. आठवडाभर धम्मदीपा शब्द शोधत होती. रेस्टॉरंट सगळेच घेणार. मेनू, हॉटेल तर नकोच. सोमवारी सकाळी दामू नेहमीप्रमाणं म्हणाला, "चला, पेट्रोलिंगला जायाचंय," आणि ती फोनवरून मान वर करून बघतच राहिली.

संध्याकाळी तो ओट्यावर टेकला न टेकला तोच ती बाहेर आली.

"आबा, तुमचा शब्द घेतला मी. पेट्रोल. त्यो फ्रेंच हाय."

"पेट्रोल फ्रेंच? मग पिरंगुटच्या पंपावर काय इकत्यात?"

"त्ये न्हाई वो. गस्तीचा. मूळचा पात्रूय. फ्रान्सच्या फौजेतला. छावणीभोवती शिपाई फिरायचं, रातचं, दिसाचं, त्येला म्हणायचं. आन् त्याच्याबी आदी पातूये असा शब्द व्हता. त्याचा अर्थ सांगू?"

"सांग की. माझं पाय तरी कुटं जात्यात."

"चिखल तुडवणं. चिखलात पाय आपटत चालणं. पात म्हंजी जनावराचा पंजा, त्याच्यावरनं आला असं म्हणत्यात."

दामूनं बुटाची नाडी ओढली, ती ओली गाठ सुटेना.

धम्मदीपा खाली बसली, त्याची नाडी सोडवायला लागली, आणि सोडवता सोडवता सांगत राहिली. तोंडीचा सरावच करत होती म्हणा. त्या काळी युरोपात कायमच लढाया. एका देशाचा शिपाई दुसऱ्या देशाच्या पगारावर. आज याच्या बाजूनं, उद्या त्याच्या. एकमेकांच्या छावण्यांत राहायचे, एकमेकांचे हुकूम ऐकायचे. त्यातून हा शब्द पसरला. जर्मनांनी तो जवळपास आहे तसाच उचलला, फक्त पात्रुल्ये म्हणायला लागले. इटलीत त्याचा पात्तूल्या झाला. स्पेनमध्ये पात्रूया, पोर्तुगालात पात्रूल्या. रशियापर्यंत गेला, तिथं पात्रूल. इंग्रजांनी शेपूट तोडून पेट्रोल केला, आणि तेच इकडं घेऊन आले.

"समद्यांनी घेतला?" दामूनं विचारलं.

"बहुतेक समद्यांनीच."

"आन् चिखल?"

"चिखल कुणीच न्हाई घेतला, आबा. त्यो मागंच ऱ्हायला. आता नुसतं गस्त घालणं."

"मागं कुटला ऱ्हातोय," आतून गंगूबाई म्हणाली. "माज्या ओट्यावर हाय की समदा. जा म्हणावं त्या फ्रान्सवाल्यांना, घिऊन जावा."

धम्मदीपा हसली. दामूही हसला, पण बूट निघाला तेव्हा त्याच्या तोंडून हुंकार आला तो हसण्याचा नव्हता. पोरीनं गुडघ्याकडं पाहिलं. सुजून चकचकीत झाला होता.

"आबा, दोन दिस सुट्टी टाका."

"तुझं होऊ दे. मग टाकतो. लांबलचक टाकतो."

गुरुवारी सकाळचा राउंड दामूनं कसाबसा केला. पाऊस आठवडाभर थांबला नव्हता. कातळातल्या पायऱ्यांवर शेवाळ, एका हातानं भिंत, एका हातानं काठी. दुपारी जेवणानंतर पुन्हा निघाला, पण दुसऱ्या इमारतीपाशी गुडघ्यानं जागेवरच सांगितलं की बास.

त्या इमारतीत खालच्या मजल्यावर सँपल फ्लॅट होता. सगळ्या मेघमाळात पुरं झालेलं तेवढं एकच घर. गिऱ्हाइकांना दाखवायला सोफा ठेवलेला, टेबलावर काचेच्या भांड्यात प्लास्टिकची द्राक्षं आणि सफरचंदं. द्राक्षांवर खरी बुरशी आली होती. दामूनं सोफ्यावर आधी पोतं अंथरलं, मग कडेला टेकला. कुणी राहायला येणार नाही हे माहीत असूनही त्याला ते घर घाण करवेना. भिंतीवर मोठं चित्र होतं. एक गोरा बाप, गोरी आई, पांढऱ्या बुटातली मुलं, हिरवळीवर. त्यांच्या बुटांना काहीच लागलेलं नव्हतं.

बराच वेळ बसला. मग उठून आपले बूट बघितले, तर पावसानं धुऊन स्वच्छ. पंपघरापर्यंत गेलेल्या माणसाचे बूट असे नसतात. रस्त्याकडेला लाल मुरूम होता, तो सगळा चढाच्या बाजूला. आणि चढ तर नको होता. मागच्या अंगाला मात्र कुंपण एका ठिकाणी फाटलेलं, गुरांनी वाट पाडलेली, आणि पलीकडं उतारावर गावातल्या लोकांची भातखाचरं. सकाळीच रोपांची आवणी उरकून बाया घरी गेल्या होत्या. ताजी रोपं पाण्यात उभी होती, अजून नीट मूळ न धरलेली.

चिखल म्हटल्यावर दामूच्या पायांना तोच ठाऊक. जन्मापासून तोच. तो कुंपणातून वाकून पलीकडं गेला, बांधावर बसला आणि दोन्ही पाय बुटांसकट खाचरात सोडले. चिखल मऊ, कोंबट. आत आत घेणारा. पूर्वी चिखलणीला तो आणि गंगूबाई दिवस दिवस असे उभे असायचे, आता पॉवर टिलर तासात उरकतो. गुडघ्याची कळ थोडी उतरली. तो उठायलाच तयार नव्हता. मग रोपं तुडवली जायला नकोत म्हणून जपून पाय काढले आणि केबिनीकडं निघाला.

हैबतरावांनी चष्मा लावला. "बूट."

उजवा उचलला. हैबतराव बघत राहिले. मग आणखी वाकले, आणि दोन बोटांनी नाडीत अडकलेली एक हिरवी काडी ओढून काढली. मुळासकट.

"ह्ये काय?"

"गवत आसंल."

"दामू, मी खटावचा. आमच्याकडं भात ताटात बघायला मिळतो. पर पाच वर्सं झाली हितं, आता मला रोप वळखू येतं. आन् आपला डोंगर लाल हाय. ह्यो चिखल काळा." त्यांनी काडी टेबलावर ठेवली. "मेघमाळात आवणी कवा झाली?"

दामूनं उचललेला बूट खाली टेकवला.

"वर गेला न्हाईस."

"न्हाई."

"का?"

गुडघा म्हटलं असतं तर बंडोपंतांची वाट. दामूनं दुसरी वाट धरली.

"कटाळा आला."

"कटाळा!" हैबतरावांच्या मिशा हलल्या. "पलटणीत कटाळ्याला काय करायचं ठावं हाय? राउंड दोनदा. चल. मीबी येतो. बघू तुझा कटाळा कुटवर चढतोय."

दामूला वाटलं होतं शिव्या मिळतील. शिव्या परवडल्या असत्या. आता चढायचं होतं, तेही हैबतरावांच्या डोळ्यांसमोर. त्यानं काठी घेतली. पावसाची बुरबुर चालू होती. हैबतराव छत्री उघडून पुढं, तोंडानं एकसारखे बोलत. फौज, शिस्त, कोण कुठं कसं झोपलं आणि त्याला काय शिक्षा झाली. पहिल्या इमारतीपाशी ते थांबले आणि भिंतीतली भेग बघायला लागले. बराच वेळ बघितली. दुसऱ्या इमारतीपाशी बुटाची नाडी बांधायला थांबले. नाडी बांधलेलीच होती. बोलणं कमी झालं. तिसऱ्या इमारतीपाशी बोलणं बंद. पायऱ्या सुरू झाल्यावर दामू स्वतःचा गुडघा विसरून त्यांच्याकडं बघायला लागला. हैबतरावांचे ओठ निळसर दिसत होते आणि हात छातीवर होता.

"सायेब, बसा."

"बसतो कशाला. तू चल."

"बसा वो. माझ्याच्यानं चढवत न्हाई. माझा गुडघा गेलाय."

निघून गेलं तोंडातून. हैबतराव तिथंच ओल्या पायरीवर बसले. दामू खालच्या पायरीवर, पाय लांब करून. छत्री दोघांच्या मध्ये कशीतरी धरलेली, तिचा उपयोग दोघांनाही नव्हता. पंपघर वर दिसत होतं, कुलूपसुद्धा दिसत होतं.

छातीवरचा हात न काढता हैबतराव म्हणाले, "छातीत दोन जाळ्या बसवल्यात. साताऱ्याला. हितली नोकरी धरायच्या आदी."

"एजन्सीला म्हाईत हाय?"

"तुझा गुडघा हाय का म्हाईत?"

दामूनं मान हलवली. मग हळूच विचारलं, "म्हंजी तुमी पाच वर्सात हितं वर..."

"आलो की. पयल्या आठवड्यात आलो. मरता मरता वाचलो." हैबतरावांनी चष्मा पुसला, तो पुसून आणखीच धुरकट झाला. "वर कोण गेलं, न गेलं, मला खाली बसून कसं कळणार? मग बुटाचं काडलं डोक्यातनं. लोकास्नी वाटलं लई कडक माणूस."

दामूला हसू आलं. किती जणांनी, किती वर्षं, एका पायावर उभं राहून तो दुसरा बूट उचलला होता!

"सायेब, माझी पोरगी फ्रेंच शिकतीया. ती म्हणली, पेट्रोल हा शबुदच चिखल तुडवण्यातनं निघालाय. फ्रान्सच्या फौजेत. तितनं मग समद्या मुलखात गेला, रशियापत्तोर."

"चिखलातनं?"

"व्हय. पंजा चिखलात आपटायचा, तसं."

हैबतरावांनी विचार केला. "मग त्यांच्यातबी कोन तरी म्हातारा हवालदार आसंल," ते म्हणाले. "जाळ्या बसवलेला. बूट बघत बसणारा."

खाली उतरताना एकानं छत्री धरली, दुसऱ्यानं काठी, आणि पायरी आली की एकमेकाचा दंड. केबिनीत आल्यावर हैबतरावांनी चहा टाकला.

"तुला गेटावर बसवला आसता," ते म्हणाले. "पर गेटावर बसवला की अमोघसायेब इचारणार, का बसवला. मग तुझंबी निघंल आन् माझंबी."

"मग काय करायचं?"

"करायचं काय. चढायचं. सावकाश चढ. संध्याकाळ झाली तरी चालंल, हितं कुणाला घाई हाय? जितवर गुडघा न्हील तितवर जा, तितंच बस, न् ये." त्यांनी कप पुढं सरकवला. "आन् चिखल आणायचाच झाला तर लाल आण. माझी आब्रू नगं घालवूस."

शुक्रवारी धम्मदीपा हिंजवडीला जाऊन आली. बसनं दमून आली होती, पण ओट्यावर आबांशेजारी बसून सगळं सांगितलं. परीक्षा घेणाऱ्या उत्कर्षा मॅडम होत्या. शब्दाची कथा नीट सांगून झाली. मग मॅडमनी विचारलं, हाच शब्द का निवडलास? उत्तर पाठ केलेलं होतं, इतिहासाची आवड वगैरे. ते ऐन वेळी आठवलंच नाही. तोंडून निघालं, माझे वडील रोज पेट्रोलिंगला जातात. मॅडमनी विचारलं, काय राखतात ते?

"मग काय सांगितलंस?"

"फ्रेंचमधी टाऊनशिप-बिवनशिप काय आठवंना. तुमचंच सांगितलं. न झालेलं गाव."

"हसल्या आसतील."

"न्हाई हसल्या. लिहून घेतलं कायतरी."

गंगूबाईनं आतून विचारलं, "नोकरी दिली का न्हाई ते सांग. लिहून काय घेत्यात!"

"कळवू म्हणाल्या."

"कळवू," गंगूबाई म्हणाली, आणि त्या एका शब्दात तिनं आजवर ऐकलेले सगळे 'कळवू' आले.

मधले दिवस तसेच गेले. दामू रोज सकाळ-दुपार चढत होता. कधी तिसऱ्या इमारतीपर्यंत, कधी पायऱ्यांच्या पायथ्यापर्यंत, आणि पाय बरा असला की वर कुलपापर्यंत. खाली आला की हैबतराव चष्मा लावून म्हणायचे, "बूट." बाकीचे गार्ड शेजारी असायचे, रिवाज मोडून चालणार नव्हता. फक्त दामूचा डावा पाय आला की ते खुर्चीतून जरा जास्त वाकायचे, म्हणजे त्याला फार उचलावा लागायचा नाही.

फोन आला तेव्हा दामू चौथ्या इमारतीच्या पायरीवर बसला होता. पावसानं जरा उघडीप दिली होती.

"आबा! घेतलं मला!"

दामूनं काठी बाजूला ठेवली, परत हातात घेतली.

"आबा? ऐकताय ना?"

"ऐकतोय. आयला सांगितलंस?"

"ती रडतीया. आन् मलाच शिव्या देतीया, आदी का न्हाई सांगितलं म्हणून. आत्ता तर आलाय फोन! पर आबा, लगीच न्हाई. ट्रेनिंगची बॅच दिवाळीनंतर हाय."

"दिवाळीनंतर."

"व्हय. तवर..." ती थांबली. "तवर तुमाला जमंल?"

दामूनं वर पाहिलं. पायऱ्या ओल्या होत्या, शेवाळ हिरवंगार, आणि पंपघराच्या दारावरचं कुलूप जागेवर. बूट घोट्यापर्यंत लाल झाले होते. दसरा, मग दिवाळी. भात कापणीला येईल तोवर पाऊस जाईल, आणि पाऊस गेला की निदान शेवाळ तरी वाळेल.

"जमवायचं," तो म्हणाला. "आता ठेव. राउंडवर हाय मी."

"पात्रूय?"

"व्हय. त्येच. ठेव."

त्यानं भिंतीला हात लावला, उजवा पाय आधी रोवला आणि उठला.